सुरांची विचारपूस : केसरबाईंच्या शेजारी डॉना समर कशी?

गेल्या अंकात शास्त्रीय गायिका सुरश्री केसरबाई केरकरांविषयी लिहिताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो. १९७७च्या पावसाळ्यात गोव्यातील केरीच्या या कन्येची भैरवी नासाच्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेतून अंतराळात निघाली, आणि त्याच पावसाळ्यात ब्रिटनमध्ये डॉना समर या अमेरिकन गायिकेचे ‘आय फील लव्ह’ हे गाणे विक्रीत पहिल्या क्रमांकावर होते, असे ते वाक्य होते. मूळ लेखापेक्षा या एका वाक्यावरच अधिक पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : केसरबाईंच्या शेजारी डिस्को गाणारीचे नाव वाचून वाईट वाटले. यंत्राच्या ठोक्यावर कुजबुजणाऱ्या बाईला गायिका म्हणायचे काय? तिने गाणे शिकले तरी कोठे? (निवृत्त संगीतशिक्षक, फोंडा)

गुरुजी, आपला राग मी समजू शकतो, आणि दोघींची तुलना करण्याचा माझा हेतू नव्हता. तारखा शेजारी आल्या म्हणून नावे शेजारी आली. मात्र ‘कुजबुजणारी’ या शब्दावर मी आपल्याशी नम्रपणे वाद घालणार आहे, कारण हा शब्द तिच्या एका गाण्यामुळे तिला चिकटला आणि त्या गाण्याने तिचा खरा आवाज पुढे कित्येक वर्षे झाकून ठेवला.

तिचे मूळ नाव लाडॉना एड्रियन गेन्स. जन्म ३१ डिसेंबर १९४८, अमेरिकेतील बोस्टन शहरात. वडील खाटीक, आई शाळाशिक्षिका, घरात सात मुले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास चर्चमध्ये ठरलेली गायिका आली नाही, म्हणून या मुलीला उभे करण्यात आले, आणि तेथून तिचे गाणे सुरू झाले. महालिया जॅक्सन या थोर गॉस्पेल (चर्चमधील भक्तिगीते) गायिकेच्या ध्वनिमुद्रिका ऐकत ती वाढली. घराणे म्हणाल, तर हेच तिचे घराणे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील हे गायन आपल्या भजनाच्या फडापासून वाटते तितके दूर नाही. मुख्य गाणारा ओळ टाकतो, समुदाय ती उचलून धरतो, आणि प्रत्येक फेरीत गाणारा त्याच शब्दावर थोडा अधिक चढतो. एकच स्वरवर्ण लांबवून त्याला वळसे देणे, आवाज फुटण्याच्या काठावर नेऊन तेथेच तोलून धरणे, ही तेथील तालीम असते. पुढे रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन यांच्यासारख्यांनी ही गायकी लौकिक प्रेमाच्या शब्दांकडे वळवली आणि तिला सोल म्हटले गेले. देवळातला सूर रंगमंचावर येऊन नाट्यपद होताना ज्या प्रदेशाने पाहिले, त्या प्रदेशातील माणसाला हे स्थलांतर परके वाटू नये.

डॉना काही काळ रॉक संगीताच्या वाद्यवृंदात गायली आणि १९६८मध्ये ‘हेअर’ या संगीतिकेच्या जर्मन प्रयोगासाठी म्युनिकला गेली. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेली मुलगी तिकडेच राहिली, जर्मन भाषा शिकली, व्हिएन्नाच्या फोक्सऑपर या नाट्यगृहातही गायली. हेल्मुट सोमर या ऑस्ट्रियन नटाशी तिने विवाह केला. तो विवाह टिकला नाही, पण आडनाव इंग्रजी वळण घेऊन ‘समर’ झाले आणि कायमचे राहिले. म्युनिकमध्येच इतरांच्या गाण्यांमागे साथीचे सूर देत असताना जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या संगीतकारांशी तिची गाठ पडली.

आता त्या कुजबुजीकडे येऊ. १९७५चे ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ हे गाणे दुसऱ्या कोणा गायिकेला द्यावे, आपण केवळ नमुना गाऊन ठेवावा, अशी तिची इच्छा होती. चर्चमधल्या मुलीला ते उसासे संकोचाचे वाटत होते. मोरोडरने तिचाच आवाज कायम ठेवण्यासाठी तिला राजी केले, गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, आणि ज्या गळ्याचा दम चर्चचे छप्पर हलवू शकला असता, त्याची ओळख जगाला श्वासाच्या आवाजाने झाली. तिच्यावर अन्याय झाला असेल, तर तो येथे झाला, असे माझे मत आहे. यंत्राला मी त्यात दोषी धरत नाही.

प्रश्न : मी तबला शिकतो. ‘आय फील लव्ह’ आपल्या लेखामुळे ऐकले. त्यातला तो न थांबणारा खालचा सूर कसा वाजवला आहे? आणि त्या काळातील ही गाणी इतकी लांब का असतात? (वाचक, डिचोली)

आपण तबला शिकता, त्यामुळे उत्तर सोपे होते. तो खालचा सूर म्हणजे लेहरा समजा. आपल्या सोलोच्या मागे पेटीवाला तीच ओळ अविचल वाजवत राहतो, तसा येथे मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारे यंत्र, एक छोटा स्वरसमूह वाजवत राहतो आणि मोजक्या ठिकाणी तोच नमुना वर-खाली सरकवतो. फरक इतकाच, की येथील पेटीवाल्याला हात नाहीत. सीक्वेन्सर नावाचे उपकरण ठरवून दिलेले स्वर ठरलेल्या अंतराने सोडत राहते. शिवाय हाच सूर एका बाजूच्या ध्वनिवर्धकातून येतो, आणि त्याचाच किंचित विलंबित प्रतिध्वनी दुसऱ्या बाजूने येतो, त्यामुळे मूळ ओळीची दुगुण, म्हणजे दुप्पट लय, झाल्याचा भास होतो. हेडफोन लावून एकेक कान झाकून पाहिलेत, तर ही युक्ती उघडी पडेल.

हे यंत्र वाटते तितके आज्ञाधारक नव्हते. पेटीच्या आकाराचे वाद्य नव्हे, तर तारांच्या जंजाळाने जोडलेली ती कपाटे होती, आणि थोड्याच वेळात ती स्वरातून उतरत. त्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी ध्वनिमुद्रण करावे लागे, मध्ये पुन्हा जुळवणी. म्हणजे तंबोरा लावणाऱ्याची कटकट यंत्रयुगातही सुटली नाही. यंत्रांना एकाच लयीत बांधण्याची युक्ती रॉबी वेडेल या तंत्रज्ञाने दाखवली. सर्वांत गमतीची बाब पुढे आहे. मूग यंत्रातून मोठ्या ड्रमचा समाधानकारक ठोका निघेना, म्हणून तो कीथ फोर्सी या वादकाने पायाने वाजवला. संगीतातील यंत्रयुगाची नांदी म्हणून ज्या गाण्याचे नाव घेतले जाते, त्यातील प्रत्येक मात्रेवर पडणारा मुख्य ठोका असा माणसाच्या पायाचा आहे.

या सर्वाच्या वर डॉना काय करते, ते मुद्दाम ऐका. खाली दुगुण धावत असताना ती ठाय, म्हणजे संथ, लयीत, अत्यंत हलक्या वरच्या आवाजात, लांब स्वर सोडत राहते. दम आणि जोर असूनही ती तो वापरत नाही. यंत्राशी स्पर्धा केली असती, तर दोघेही हरले असते. हे गाणे ज्या संग्रहात आले, त्यात जुन्या दशकांच्या शैलींची गाणी आहेत, आणि शेवटी भविष्यकाळाचे म्हणून हे ठेवलेले आहे. ते ऐकताच संगीतकार ब्रायन ईनो याने आपल्याला, हाच भविष्यातला आवाज आहे, असे सांगितल्याचे ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी पुढे सांगत असे.

लांबीचे कारण नाचात आहे. ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ची लहान आवृत्ती कॅसाब्लांका या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या नील बोगार्टने घरच्या मेजवानीत वाजवली, तेव्हा पाहुणे तेच पुन्हा पुन्हा लावायला सांगू लागले. त्याने मोरोडरकडे मोठी आवृत्ती मागितली, आणि जवळजवळ १७ मिनिटांचे गाणे तयार झाले, म्हणजे एलपीची एक संपूर्ण बाजू. नाचणाऱ्याची तंद्री मध्येच तबकडी बदलून मोडू नये, एवढेच त्यामागचे शास्त्र. वास्कोच्या दामोदर सप्ताहात २४ तास अखंड भजन ऐकणाऱ्या आपल्या लोकांनी १७ मिनिटांचे आश्चर्य करू नये.

प्रश्न : डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेत जाळल्या गेल्या, हे खरे काय? आमच्या हणजुणेच्या किनाऱ्यावरील ट्रान्स या यंत्रनिर्मित नृत्यसंगीताचा या गायिकेशी काही संबंध लावता येईल काय? (वाचक, म्हापसा)

खरे आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या ध्वनिमुद्रिकांनी भरलेली पेटी स्फोटकांनी उडवण्यात आली, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. दोनच दिवसांनंतरच्या तारखेच्या बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत डॉनाचे ‘बॅड गर्ल्स’ पहिल्या क्रमांकावर होते. डिस्को हे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या, लॅटिनो लोकांच्या आणि समलिंगी तरुणांच्या नृत्यगृहांतून वर आलेले संगीत असल्याने या रागाला केवळ अभिरुचीचा राग मानणे मला जड जाते.

ट्रान्सचा संबंध निश्चित आहे. न थांबणारा सीक्वेन्सरचा सूर आणि प्रत्येक मात्रेवर ठोका, हा सांगाडा म्युनिकहून अनेक वळणे घेत हणजुणेला पोहोचला. गोवा गिल आणि त्याच्या पिढीच्या डीजेंनी १९८०च्या दशकात येथील पार्ट्यांतून यंत्रसंगीत रुजवले. त्या काळात गाण्यांतील आवाजाचे भाग कापून केवळ वाद्यांचे तुकडे सलग जोडण्याची पद्धत पडली. म्हणजे लेहरा ठेवला आणि गायिका काढून टाकली. मला स्वतःला तेथे कंटाळा येतो, पण हणजुणेचे वाचक माझ्यावर रागावतील, म्हणून हा विषय येथेच सोडतो.

प्रश्न : डिस्को संपल्यावर तिचे काय झाले? (वाचक, मडगाव)

डिस्को ओसरण्यापूर्वीच ती त्यातून बाहेर पडत होती. ‘हॉट स्टफ’मध्ये गिटारच्या खडखडाटाशी तिने मोकळ्या गळ्याने सामना केला आणि त्यासाठी तिला रॉक गायनाचे ग्रॅमी हे अमेरिकेतील मानाचे संगीत पारितोषिक मिळाले. तिची पाच ग्रॅमी पारितोषिके पाहिली, तर तिच्यावर लावलेली चिठ्ठी किती अपुरी होती, ते कळते. रिदम अँड ब्लूजसाठी एक, रॉकसाठी एक, आध्यात्मिक गायनासाठी दोन. नृत्यसंगीताचे पारितोषिक ‘डिस्कोची राणी’ म्हणवल्या जाणाऱ्या या बाईला पहिल्यांदा मिळाले ते १९९८मध्ये.

मधला काळ सुखाचा नव्हता. यशाच्या शिखरावर असताना तिला नैराश्याने ग्रासले होते. त्यातून ती पुन्हा बालपणीच्या श्रद्धेकडे वळली, १९८०मध्ये कॅसाब्लांका सोडून गेफेन या नव्या कंपनीची पहिली कलावंत झाली, आणि त्याच वर्षी संगीतकार ब्रूस सुडानोशी विवाह करून संसारात रमली. एड्सग्रस्तांविषयी तिने कठोर उद्गार काढल्याचा आरोप पुढे झाला. तिने तो सातत्याने नाकारला, तरी तिचे अनेक समलिंगी चाहते दुरावले. १९८३चे ‘शी वर्क्स हार्ड फॉर द मनी’ मला तिच्या उत्तरार्धातील सर्वांत जिवंत गाणे वाटते. ग्रॅमी समारंभानंतरच्या मेजवानीत प्रसाधनगृहात काम करणारी एक दमलेली बाई तिला दिसली, आणि तिच्यावरून ते सुचले. ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर डॉना स्वतः उपाहारगृहातील सेविकेच्या वेशात उभी आहे.

१७ मे २०१२ रोजी फ्लोरिडामध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. वय ६३. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश २०१३मध्ये झाला, म्हणजे पाहायला ती राहिली नाही.

प्रश्न : माझी कन्या नाट्यपदे शिकते. तिला या गायिकेचे एकच गाणे ऐकवायचे असेल, तर कोणते? (वाचिका, वास्को)

‘लास्ट डान्स’, १९७८चे, पॉल जबारा यांनी लिहिलेले. चित्रपटातील उत्कृष्ट गीताचे ऑस्कर त्याला मिळाले. ठोक्याच्या आश्रयावाचून, संथ लयीत गाणे उघडते आणि प्रत्येक शब्द गळ्यावरच तोलला जातो. मग द्रुत लय येते, आणि तिचा आवाज पहिल्यांदा पूर्ण मोकळा सुटतो. मध्ये गाणे पुन्हा विलंबित होते, आणि शेवटी पुन्हा द्रुत. कन्येला सांगा, की लय बदलताना ती श्वास कोठे घेते, तेवढेच शोध. ऐकताना मोठी आवृत्तीच लावावी. छोट्या तबकडीवरील आवृत्तीत तो मधला विलंबित भाग गाळलेला आहे.