अविश्वासाला उत्तर देणारी माणसं

ताई, तुम्ही विचारलंत की कोरोनात सोशल मीडियाने अफवांखेरीज काय दिलं, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी त्याचा आरोग्यासाठी वापर केला म्हणतात, तो कसा.

अफवा तिथेही होत्याच. मार्च २०२० मध्ये 'काळ्यांना कोरोना होत नाही' हे सर्रास फिरत होतं. कृष्णवर्णीय ब्रिटिश अभिनेता इद्रिस एल्बा पॉझिटिव्ह आला आणि ट्विटरवर थेट बोलून त्याने ते खोडून काढलं. एप्रिलमध्ये शिकागोचे आकडे आले: लोकसंख्येत कृष्णवर्णीय ३० टक्के, मृतांमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास.

पण खरी अडचण अफवांच्याही मागची होती. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस (लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार) झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना औषध असूनही उपचार दिले नाहीत. अशा लोकांना 'अडाणी आहात, लस घ्या' म्हणून कसं चालेल?

डिसेंबर २०२० मधला कृष्णवर्णीय डॉ. सुझन मूर यांचा फेसबुक व्हिडिओ मला अजून अस्वस्थ करतो. हॉस्पिटलच्या खाटेवर, नाकात ऑक्सिजनची नळी, धाप लागलेली. स्वतः डॉक्टर असूनही आपलं दुखणं खरं आहे हे पटवून द्यावं लागतंय, मी गोरी असते तर हे सोसावं लागलं नसतं, असं त्या सांगतात. ४ तारखेची ती पोस्ट; २० तारखेला त्या गेल्या. त्याच महिन्यात एका अभ्यासातून दिसलं की आपण घरोघरी बोटाला लावला तो ऑक्सिमीटर काळ्या त्वचेवर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. म्हणजे तक्रारी उगाच नव्हत्या.

म्हणूनच मार्च २०२१ मध्ये कृष्णवर्णीय डॉक्टर-नर्सनी विनोदी कलाकार डब्ल्यू. कमाऊ बेल यांच्यासोबत केलेले छोटे व्हिडिओ मला फार मोलाचे वाटतात. लस इतक्या लवकर कशी आली, दुष्परिणाम काय, अशा शंकांना कुणालाही न झिडकारता सरळ उत्तरं होती.

आणि नुसतं बोलून भागत नाही. फिलाडेल्फियात बालशल्यचिकित्सक डॉ. अ‍ॅला स्टॅनफर्ड यांनी एप्रिल २०२० मध्येच भाड्याची व्हॅन घेऊन चर्चच्या पार्किंगमध्ये चाचण्या सुरू केल्या होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या गटाने सलग २४ तास लसीकरण केलं. अपॉइंटमेंट लागत नव्हती. कडाक्याच्या थंडीत लोक रांगा लावून उभे राहिले आणि सुमारे चार हजार जणांनी लस घेतली.