बारावीच्या पेपरला लेक दवाखान्यात होती, सरासरीने गुण मिळतील का?

प्रश्न : वकीलताई, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. माझ्या मुलीला लहानपणापासून सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे ती नुसती वाहक नाही. यंदा ती बारावी सायन्सला होती. इंग्रजीच्या पेपरला ती पाणी प्यायला आणि लघवीला दोन-तीनदा उठली, तर पर्यवेक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "बहाणे बंद कर." मराठीच्या पेपरला तिने सकाळपासून पाणीच घेतलं नाही, उठावं लागू नये म्हणून. त्या रात्री कंबर आणि पाय इतके दुखायला लागले की जिल्ह्याच्या ठिकाणी भरती करावं लागलं. सलाईन लागली, रक्त चढवलं. फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही पेपर गेले. सुट्टी झाल्यावर तिने बायोलॉजीचा पेपर दिला, त्यात चांगले गुण आहेत. पण निकालात दोन विषयांत गैरहजर आणि एकूण अनुत्तीर्ण. माझे दीर लंडनला असतात. ते म्हणतात, तिकडे आजारी मुलांना गुण धरून देतात. इथेही कोरोनात परीक्षा न घेता गुण दिलेच होते. मग हिला बाकीच्या विषयांच्या सरासरीने का नाही? एका वकिलांनी नागपूरला हायकोर्टात रिट याचिका टाकू म्हटलं, चाळीस हजार सांगितले. गळ्यातलं मोडावं का? तिला फार्मसी करायची आहे.

उत्तर : ताई, गळ्यातलं मोडू नका. सरासरीने गुण मागणारी याचिका टिकणार नाही, आणि ती चालेपर्यंत जे हातात आहे तेही निसटेल. कायद्याने तुमच्या मुलीला सरासरीच्या गुणांपेक्षा जास्त कामाचं काही देऊ केलं आहे. ते तुम्हाला आजवर कोणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी तुमच्या दिरांच्या म्हणण्याचं पाहू. ते खोटं नाही. इंग्लंडमध्ये परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेचे तसे नियम आहेत. आजारपणात पेपर दिला तर त्या पेपरच्या एकूण गुणांच्या जास्तीत जास्त ५ टक्के वाढवून मिळतात. एखादा पेपर बुडाला तर त्याच विषयाच्या दिलेल्या बाकीच्या पेपरांवरून श्रेणी काढता येते, पण त्या विषयाचा ठरावीक भाग तरी दिलेला असावा लागतो. तिकडे एका विषयाचे दोन-तीन पेपर असतात, म्हणून हे जमतं. आपल्याकडे केमिस्ट्रीची लेखी परीक्षा एकच. ती बुडाली की मोजायला मागे प्रात्यक्षिकच उरतं. बायोलॉजीवरून केमिस्ट्रीचे गुण काढायची सोय तर तिकडेही नाही.

२०२१ची गोष्ट वेगळी होती. तेव्हा परीक्षाच रद्द झाली होती, सगळ्यांसाठी. दहावी, अकरावी आणि बारावीचं अंतर्गत मूल्यमापन यांच्या ३०:३०:४० या सूत्राने निकाल लावला, तो शासनाच्या धोरणाने. परीक्षा झाली असताना एका विद्यार्थिनीसाठी ते सूत्र लावायला कोणताही न्यायाधीश धजणार नाही. आपल्याच राज्य मंडळाविरुद्धच्या परितोष भूपेशकुमार शेठ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगून ठेवलं आहे की परीक्षा कशी घ्यायची, गुण कसे द्यायचे हे शिक्षण क्षेत्रातल्या तज्ज्ञ मंडळींनी ठरवायचं, न्यायालयाने आपलं मत त्यावर लादायचं नाही. तो खटला पुनर्मूल्यांकनाचा होता, पण असल्या प्रत्येक प्रकरणात मंडळाचे वकील तोच पुढे करतात, आणि बहुतेक वेळा तो लागू पडतो. कोणी ग्राहक आयोगात जा म्हणालं तर तेही ऐकू नका. परीक्षा घेणारं मंडळ ग्राहक कायद्याखाली सेवा देणारं ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९चा निकाल आहे.

तेव्हा गुणांचा रस्ता सोडा आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म आधी भरा, आज-उद्याच. पुरवणी परीक्षा गेली काही वर्षं जून ते ऑगस्टच्या दरम्यान होते. तिला फिजिक्स आणि केमिस्ट्री एवढेच दोन पेपर द्यायचे आहेत. फॉर्म कॉलेजमार्फत ऑनलाइन भरला जातो. प्रात्यक्षिकाचे गुण पुढे कसे धरले जातील हे त्याच वेळी कॉलेजकडून लेखी विचारून घ्या. मुदत गेली असेल तर विलंब शुल्काने भरता येतो का ते पाहा. ही पुरवणी हातची गेली तर पुढच्या फेब्रुवारी-मार्चची वाट पाहावी लागेल आणि वर्ष जाईल.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुम्ही पत्रात तिला आजारी मुलांत धरलं आहे. कायद्याच्या नजरेत ती नुसती आजारी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या अनुसूचीत रक्ताचे तीन आजार आहेत: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. म्हणजे एसएस पॅटर्नची तुमची लेक त्या कायद्याखाली येते. ('एएस' म्हणजे नुसता वाहक असलेल्याला हे लागू नाही, म्हणून रिपोर्टवर काय लिहिलं आहे ते महत्त्वाचं.) चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलची किती घरं आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. आयाबायांना हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या औषधाचा डोस तोंडपाठ असतो, पण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढता येतं हे दवाखान्यात क्वचितच कोणी सांगतं. लोकांच्या डोळ्यांपुढे दिव्यांग म्हटलं की कुबडी किंवा चाकाची खुर्ची येते. चालती-बोलती मुलगी आत काय सोसते ते दिसत नाही.

या कायद्याचं कलम १७ परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करायला सांगतं, आणि त्यात जादा वेळ व लेखनिक यांचा नावानिशी उल्लेख आहे. कलम ३ मध्ये 'वाजवी सोयी' देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. या दोन कलमांच्या जोरावर तुमच्या मुलीसाठी काय मागायचं, ते सांगते. बाकावर पाण्याची बाटली. लघवीला जायची मोकळीक, आणि त्यात गेलेला वेळ भरून मिळणं. तळमजल्यावरची, पंख्याखालची जागा. सोबत औषधं ठेवायची परवानगी. ताशी २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हे प्रमाण केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत दिलेलं आहे. आणि हात दुखत असेल तर लेखनिक.

पाण्याची बाटली मी पहिली लिहिली, ती मुद्दाम. सिकलसेलच्या रुग्णाची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत. लघवी जास्त होते, शरीर लवकर सुकतं, आणि शरीर सुकलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदनेचा झटका येतो तो त्यातून. म्हणजे तुमची लेक सारखी उठत होती ती आजारामुळेच, आणि पाणी पीत होती तो त्या आजारावरचा उपाय होता. चार लोकांत बोलणी खाल्ली म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने तो उपाय थांबवला. त्या पर्यवेक्षकांना आजार माहीत नसेल, त्यांना कोणी कळवलंही नव्हतं. म्हणून त्यांच्यामागे लागण्यात मी तुमची ताकद घालवणार नाही. पण घडलं ते तारखेसह अर्जात लिहा. पुरवणीच्या केंद्रावर तेच पुन्हा होऊ नये म्हणून ते कागदावर असायला हवं.

कागद असे जमवा. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, त्यात भरतीची आणि सुट्टीची तारीख स्पष्ट हवी. एसएस पॅटर्न दाखवणारा रक्ततपासणीचा (एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा) रिपोर्ट. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र. 'विश्रांतीची गरज आहे' असं मोघम पत्र चालणार नाही. परीक्षेत पाणी, लघवीची मोकळीक आणि जादा वेळ का लागतो, हे त्यात शब्दांत हवं. डॉक्टर कामात असतात, म्हणून तुम्हीच मजकूर लिहून न्या आणि त्यांना तपासून सही करायला सांगा. आणि यूडीआयडीच्या (केंद्र सरकारच्या दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नोंदणी करा, तपासणी सरकारी रुग्णालयात होईल.

प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांपेक्षा कमी लिहून आलं तर कॉलेज किंवा मंडळातला एखादा बाबू म्हणेल, "चाळीसच्या खाली काही मिळत नाही." तिथे गप्प बसू नका. ४० टक्क्यांची अट आरक्षणाला आहे. उच्च शिक्षणाच्या सरकारी आणि अनुदानित संस्थांत दिव्यांगांना किमान ५ टक्के जागा आहेत, त्यासाठी ती लागते. परीक्षेतल्या सोयींना ती लावता येत नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला ४० टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश खटला झाला. नीटच्या परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या मुलीला हक्काचा जादा वेळ दिला नव्हता. तिथे न्यायालयाने फेरपरीक्षा दिली नाही, पण झालेला अन्याय कसा दुरुस्त करता येईल ते बघा, असा आदेश परीक्षा घेणाऱ्या संस्थेला दिला. या दोन खटल्यांची नावं अर्जात घाला. प्रमाणपत्र वेळेत आलं नाही तर नोंदणीची पावती आणि रिपोर्ट जोडून अर्ज करा, थांबू नका.

अर्ज कॉलेजच्या प्राचार्यांमार्फत नागपूर विभागीय मंडळाच्या सचिवांना करायचा. एक प्रत थेट स्पीड पोस्टाने पाठवा, दुसरीवर कॉलेजकडून पोच घ्या. मागणी नेमकी लिहा. "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" या वाक्यावर फाइल महिनाभर पडून राहते, तर "दोन्ही पेपरांना प्रत्येकी एक तास जादा आणि बाकावर पाणी, याचा आदेश केंद्रसंचालकांना द्यावा" यावर कोणाला तरी हो किंवा नाही लिहावं लागतं. नाही आलं तरी ते आपल्या कामाचं.

मंडळ दगड आहे असं मी म्हणणार नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबईत अपघात झालेल्या दहावीच्या एका मुलीने रुग्णवाहिकेत पडून लेखनिकाच्या मदतीने पेपर दिला होता. परीक्षेच्या तोंडावर हात मोडला तर डॉक्टरांच्या दाखल्यावर लेखनिक मिळतो. डेंग्यू-काविळीने प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा बुडाली तर ती लेखीनंतर 'आउट ऑफ टर्न' देता येते. (ज्यांच्या घरी असं काही घडेल त्यांनी त्याच दिवशी कॉलेजला लेखी कळवावं. निकालानंतर दाखवलेल्या दाखल्याला फारसं वजन राहत नाही.) मागणारा वेळेत आणि कागदासकट गेला तर बऱ्याच गोष्टी होतात.

मग न्यायालय कधी? मंडळाने सोयी नाकारल्या, किंवा हॉल तिकीट आलं तरी उत्तर नाही, तेव्हा. त्या वेळी नागपूर खंडपीठात जी याचिका होईल ती गुणांची नसेल, कायद्यात लिहिलेल्या हक्काची असेल. त्यासोबत पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. पण परीक्षा तोंडावर असेल तर त्या तीन महिन्यांवर अवलंबून राहता येत नाही, खंडपीठच गाठावं लागेल.

फार्मसीचं म्हणाल तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या माहितीपुस्तिकेत कागदपत्रं दाखवायची शेवटची तारीख काय आहे ते आजच पाहून ठेवा. पुरवणीचा निकाल त्याआधी लागला तर प्रश्नच नाही. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा वर आलं तर दिव्यांग प्रवर्गातून नोंदणी करा. या प्रवर्गाचा रकाना मुलं लाजून रिकामा सोडतात, तसं तिला करू देऊ नका.

आणि चाळीस हजारांचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तुमची लेक दोन्ही बाजूंनी पात्र आहे. चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि खंडपीठातल्या कामासाठी नागपूरला उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती. जाताना आधार कार्ड, गुणपत्रक, डिस्चार्ज कार्ड, एसएसचा रिपोर्ट आणि कॉलेजची पोच असलेला अर्ज, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घेऊन जा. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका.