जिना चढल्यावरची नाडी

प्रिय दोस्ता,

रिपोर्टमधला एक आकडा किंचित वर गेला, त्यापुढे ठळक ‘एच’ (म्हणजे ‘हाय’, जास्त) उमटला आणि तुझी झोप उडाली. आधी तेच निस्तरू. लॅबची ‘नॉर्मल रेंज’ बहुधा अशी ठरते: निरोगी लोकांच्या चाचण्या घ्यायच्या आणि मधले 95 टक्के आकडे आत धरायचे. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही शंभरात पाच रेंजबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या एकदम केल्या, तर निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के निघते. बाकी काही लक्षण नसेल, तर डॉक्टरांना विचारून आधी तीच चाचणी पुन्हा करायची. घाबरायला नंतर वेळ आहे.

आणि सगळे आकडे आत आले म्हणून माणूस निरोगी, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 सालच्या व्याख्येत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य आहे, हे उत्तमच. पण तिथं ‘परिपूर्ण’ हा शब्द घालून घोळ केलाय. त्या हिशेबानं दाढ दुखली तरी माणूस आरोग्यातून बाद, आणि मधुमेह नीट सांभाळून दिवसभर काम करणारा कुठं बसवायचा? मी शिल्लक बघतो. भार आला की शरीराला किती झेपतं, आणि ते किती लवकर जागेवर येतं.

ही शिल्लक तुला घरीच बघता येईल. पाच मिनिटं शांत बस. मनगटावर, अंगठ्याच्या बुडाशी दोन बोटं टेकव. अंगठा वापरू नकोस, त्याची स्वतःचीच नाडी लागते. 30 सेकंद मोजून दुप्पट कर. बसल्या जागी 60 ते 100 ठीक. मग तीन मजले न थांबता चढ. वर पोचताच 15 सेकंद मोजून चौपट कर, एक मिनिट उभं राहून पुन्हा तसंच मोज. जिन्यानंतरच्या या दोन आकड्यांतला फरक वहीत लिही. दर रविवारी तोच जिना, तोच वेग. व्यायाम नेमानं सुरू राहिला की हा फरक हळूहळू वाढतो, म्हणजे नाडी लवकर जागेवर येते. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. छातीत दुखलं किंवा गरगरलं, तर तिथंच थांब आणि डॉक्टर गाठ.

व्यायाम म्हणजे आठवड्याला किमान 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. शिवाय दोन दिवस ताकदीचे. इथं उत्साही लोक हमखास फसतात. दमसास लवकर वाढतो, स्नायूही साथ देतात, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा सावकाश तयार होतात. म्हणून सगळं जमायला लागलं असं वाटतं तेव्हाच टाच नाहीतर गुडघा धरतो. वेग आणि वेळ एकाच आठवड्यात वाढवू नकोस.

वजन रोज बघायची गरज नाही. नुसत्या पाण्यानं किलोभर इकडंतिकडं होतं. त्यापेक्षा कंबर मोज, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. ती उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. झोप सात तास, आणि उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच.

एक गोष्ट वहीत मावत नाही. सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, आवडीच्या कामातही रस उरला नाही, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. तापाचं सांगतोस तितक्याच सरळपणे.

‘एच’वाली चाचणी त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच वेळी कर. आकडा आला की कळव.