कोविडनंतर पोट बिघडलेलंच का राहतं?

ताप-खोकला गेला, पण पोट अजून ताळ्यावर का येत नाही, असं तुम्ही विचारलंय. कोविडचा विषाणू एसीई-२ या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, आणि लहान आतड्याच्या अस्तरात ते भरपूर असतं. म्हणून अनेकांना जुलाब झाले. त्यात २०२०-२१ मध्ये ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लिन ही जिवाणू मारणारी औषधं (अँटिबायोटिक्स) सर्रास दिली गेली. त्यांनी आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारले. घरोघरी मिरी-सुंठीचा काढा दिवसातून तीन-चारदा, तोही उपाशीपोटी घेतला जायचा. त्यानं जळजळ वाढली, हे मी आमच्याच घरात पाहिलंय. मऊ भात, ताजं ताक, थोडं थोडं जेवण. यानं बहुतेकांना हळूहळू आराम पडतो. मात्र शौचातून रक्त, वजन घटणं किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर एक दिवसही थांबू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.