लेखनशंका: बुजरं गिऱ्हाईक आणि विनोदी कथा

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच निघाला. चारचौघांत अवघडणारा माणूस रोजच्या खरेदीला जातो आणि त्यावर उपरोधिक कथा लिहायची आहे. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

माझा नायक दुकानात अडखळतो, रॅकला धडकतो, सामान पाडतो. वाचून दाखवल्यावर मित्र म्हणाले, ‘हसू येत नाही, कीव येते.’ काय चुकलं?

सामान पाडणं हेच चुकलं. धांदरटपणा वेगळा आणि बुजरेपणा वेगळा. बुजरा माणूस अति जपून वागतो. उचललेली वस्तू परत ठेवताना लेबल पुढे आलं ना, हे तो तपासतो. चोर समजतील म्हणून खिशात हात घालत नाही. रिकाम्या हाताने बाहेर पडायची लाज वाटते, म्हणून नको असलेला साबण घेतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर यातलं प्रत्येक पाऊल शहाणपणाचं आहे. ते कारण वाचकाला आधी पटू द्या. दोन-तीन पावलं पटली की पुढच्या वेडेपणातही वाचक त्याच्यासोबत राहतो, आणि मग कीव येत नाही.

दुसरं म्हणजे, ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती एकट्या नायकाच्या माथी मारू नका. सिल्व्हन गोल्डमन यांनी 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या आपल्या दुकानांत ढकलगाडी आणली, तेव्हा गिऱ्हाइकं तिला हात लावायला संकोचत होती. शेवटी त्यांनी पगारी माणसं नेमून त्यांना गाड्या ढकलत खरेदीचं सोंग करायला लावलं, तेव्हा कुठे बाकीच्यांची भीड चेपली. म्हणजे अख्खं दुकानच एकमेकांकडे चोरून बघत होतं. उपरोधाचा रोख तिथे ठेवा. रांगेतल्या रुबाबदार माणसालाही सुटे पैसे मोजताना घाम फुटू द्या.

आणि नायकाकडे खरोखर कोण बघतंय, हे लेखकाला माहीत हवं. मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. लक्षात आला होता साधारण पाव जणांच्या. कथेत हेच प्रमाण ठेवून बघा. त्याला चार जण बघत आहेत असं वाटत असेल, तर दोघांनाच बघू द्या, आणि त्यातला एक भिंतीवरचं घड्याळ बघत असू द्या.

नायक घाबरतो, पण कथेत घडत काहीच नाही. घटना आणायच्या कुठून?

वस्तूच्या निवडीतून. एकच वस्तू आणायला पाठवा, आणि ती अशी हवी की विक्रेत्याला प्रश्न विचारावाच लागेल. बल्ब यासाठी उत्तम. घरगुती होल्डर मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात, पिनचा (बी 22) आणि आट्यांचा (ई 27). आकडे टोपीच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. एकाचा बल्ब दुसऱ्यात बसत नाही, पण खोक्यावर लिहिलेलं वाचलं नाही तर चटकन कळतही नाही.

विक्रेता विचारतो, “पिनचा की आट्यांचा?” नायकाने घरचा होल्डर पाहिलेला नाही. ‘माहीत नाही’ म्हणणं जमत नाही, म्हणून तो म्हणतो, “हो.” विक्रेता पुन्हा विचारतो. पहिलं उत्तर फिरवलं तर आपण खोटे ठरू, म्हणून पुन्हा “हो.” विक्रेता आट्यांचा देतो. घरी होल्डर पिनचा निघतो. बदलून घ्यायचा तर कारण सांगावं लागणार, म्हणून नायक दुसऱ्या दुकानातून आट्यांच्या होल्डरचा टेबललॅम्प विकत घेतो. लॅम्पची वायर तोकडी पडते, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड येतो. प्रत्येक पायरीवर बोलायचं एक वाक्य वाचतं आणि खर्च वाढतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते असं पायरीपायरीने दाखवा. चार पायऱ्या पुरेत. पाचवीला वाचक तुमच्या आधी पोचलेला असतो.

दीड हजार शब्दांची कथा असेल तर दुकानात शिरणं शंभर शब्दांत उरका, विक्रेत्याशी बोलण्याला चारशे द्या, गल्ल्यावरच्या रांगेला तेवढेच, उरलेले घरच्या घोटाळ्याला. नवशिके लेखक दाराशीच पाचशे शब्द खर्च करतात.

गल्ल्यावर बोलायला नको म्हणून माझा नायक स्वतः बिल करायच्या यंत्राकडे जातो. ते नेमकं कुठे अडतं?

फार चांगली जागा निवडलीत. अशा अनेक यंत्रांत पिशवी ठेवायच्या फळीखाली वजनकाटा असतो. बारकोड वाचला की यंत्र त्या वस्तूच्या नोंदवलेल्या वजनाची वाट बघतं. फळीवरचं वजन जुळलं नाही की बिल थांबतं, खांबावरचा दिवा लुकलुकतो आणि मदतनीस येतो. वजन चुकायची कारणं साधी असतात. घरची पिशवी न कळवता फळीवर ठेवली, वस्तू इतकी हलकी की काट्याला कळलीच नाही, वस्तू ठेवून पुन्हा उचलली, किंवा कोपर टेकलं. नायकाला यातलं शेवटचं द्या, कारण तो अंग चोरून उभा असतो. माणूस टाळायला निवडलेलं यंत्र सगळ्यांदेखत माणूस बोलावतं. इथे यंत्र बनवणाऱ्यांवर मनसोक्त टीका करा, ती रास्त आहे.

काळ मात्र जपा. दुकानातल्या गल्ल्यावर वस्तूचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो 26 जून 1974 रोजी, अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय इथे. त्याहून जुन्या काळची कथा असेल तर किंमत माणूसच वाचणार आणि मोठ्याने उच्चारणार. तेही नायकाला पुरेसं छळतं.

अशी कथा म्हणजे आजाराची थट्टा ठरेल का?

बुजरेपणा हा स्वभाव आहे, सामाजिक चिंताविकार हे वैद्यकीय निदान. ‘सोशल फोबिया’ या नावाने ते 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत आलं. नायकाचा श्वास कोंडत असेल, छातीत धडधड होत असेल, भीतीपोटी त्याने घराबाहेर पडणंच सोडलं असेल, तर त्या जागी विनोद करू नका. नुसतं ओशाळणं, कानकोंडं होणं, वाक्य मनात घोकून ऐन वेळी विसरणं यावर खुशाल लिहा. शंका आली तर हस्तलिखित एखाद्या भिडस्त माणसालाच वाचायला द्या, आणि मत लेखी मागा. समोरासमोर तो ‘छान आहे’ एवढंच म्हणेल.

‘मी’ म्हणून लिहू की ‘तो’?

बहुतेक वेळा ‘तो’. ‘मी’ने लिहिलं की निवेदक भराभरा बोलतो, विनोद करतो, आणि असा वाक्पटू माणूस विक्रेत्यापुढे मुका कसा होतो, हे वाचकाला पटत नाही. ‘मी’च हवा असेल तर मनातली वाक्यं लांब, सफाईदार ठेवा आणि तोंडून निघणारी दोन शब्दांच्या वर जाऊ देऊ नका.