बराच काळ उभी असलेली स्पोर्ट्स कार चालू होत नसेल, तर तपासणी कोठून सुरू करावी?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे. आपल्या काकांची २००८ सालची पोर्शे बॉक्स्टर (२.७ लिटर, मॅन्युअल गिअर) माटुंग्याच्या इमारतीत स्टिल्ट पार्किंगमध्ये कव्हर घालून दोन वर्षांहून अधिक काळ उभी आहे. बॅटरी पूर्ण उतरली होती. शेजाऱ्यांच्या वॅगन-आरवरून जंप दिल्यावर (म्हणजे तिच्या बॅटरीला केबल जोडून वीज घेतल्यावर) इंजिन फिरले, पण चालू झाले नाही. नंतर पुढची डिकी बंद केली ती आता उघडत नाही, आणि जवळच्या मेकॅनिकने फ्युएल पंप व 'कॉम्प्युटर' असे दोन्ही बदलावे लागतील असे सांगितले आहे. हे खरे मानावे का, असा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, अद्याप काहीही खरे मानू नये. पंप किंवा कॉम्प्युटर बिघडलेला असणे अशक्य नाही. परंतु आतापर्यंत जी लक्षणे दिसली, ती सर्व अपुऱ्या व्होल्टेजवर दिसली आहेत, आणि अशा लक्षणांवरून कोणताही महागडा भाग बदलण्याचा निर्णय घेता येत नाही. मी पेशाने विद्युत अभियंता आहे, गाड्यांचे काम हौसेने करतो, त्यामुळे विजेपासून सुरुवात करण्याची माझी सवय असेलही. पण उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत तोच क्रम योग्य ठरतो.

गाडी बंद असतानाही अलार्म, इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) आणि घड्याळ मिळून थोडा प्रवाह घेत राहतात. तो साधारण ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ७० अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांच्या आसपास रिकामी होते. आपली गाडी दोन वर्षे उभी आहे. याचा अर्थ बॅटरीने त्यातील बहुतेक काळ पूर्ण उतरलेल्या अवस्थेत काढला. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात, आणि मग ती चार्जरला लावल्यावर वरवर १२ व्होल्ट दाखवते, पण सेल मारताच कोसळते. म्हणून बॅटरी ही एकच वस्तू आहे जी मी फारशी तपासणी न करता नवी घ्यायला सांगेन.

आता त्या जंपविषयी. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. रस्त्यावर मिळणाऱ्या पातळ जंपर केबलचा आणि तिच्या चिमट्यांचा एकत्रित रोध केवळ ०.०२ ओहम धरला, तरी १५० अँपिअरला तीन व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडतात. लहान गाडीची बॅटरी मुळात ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. तिचे टोकावरचे व्होल्टेज सेल मारताना आणखी खाली येते. म्हणजे बॉक्स्टरपर्यंत नऊ व्होल्टही पोहोचले असतील की नाही, याची शंका आहे. एवढ्यावर स्टार्टर कुंथत का होईना इंजिन फिरवतो, परंतु इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, इग्निशन कॉईल आणि फ्युएल पंप यांना तेवढे पुरत नाही. शिवाय व्होल्टेज एवढे खाली गेले की संगणकात खोटे फॉल्ट कोडही नोंदले जातात. मेकॅनिकच्या स्कॅनरवर जे कोड दिसले, त्यांपैकी किती या प्रकारचे आहेत हे आज कोणीही सांगू शकणार नाही. त्यांची नोंद करून ठेवावी, ते पुसावेत, आणि चांगल्या बॅटरीवर पुन्हा कोणते येतात तेवढेच विचारात घ्यावे.

नवी बॅटरी बसवण्याआधी डिकी उघडावी लागेल. या गाडीत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि डिकीचे कुलूप विजेवर चालते, हा तिच्या मालकांना छळणारा प्रसिद्ध पेच आहे. त्यावरचा उपाय कंपनीनेच दिला आहे. पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे फ्यूज बॉक्स आहे. त्यात बाहेर ओढता येणारे एक पॉझिटिव्ह टोक असते. फ्यूज काढायच्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने ते ओढून घ्यावे, त्यावर दुसऱ्या चार्ज असलेल्या बॅटरीची पॉझिटिव्ह तार लावावी आणि निगेटिव्ह तार दरवाजाच्या चौकटीतील धातूच्या खिट्टीला लावावी. गाडी कुलूपबंद असेल, तर त्या क्षणी अलार्मचा भोंगा वाजू लागतो. घाबरून तारा ओढू नयेत, रिमोटने गाडी उघडावी म्हणजे तो थांबतो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान हा प्रयोग सोसायटीत करू नये, इतकेच सांगतो. मग डिकीचे बटण दाबावे. या टोकावरून केवळ डिकी उघडायची आहे, तेथून गाडी चालू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण त्या तारा स्टार्टरच्या प्रवाहासाठी बनवलेल्या नाहीत. बॅटरी सुटी असेपर्यंत डिकी पुन्हा बंद करू नये, हे आता आपल्याला सांगण्याची गरज नाही.

नवी बॅटरी पूर्ण चार्ज करूनच लावावी. विश्रांतीच्या अवस्थेत ती १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवील. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर या कामाला पुरेसा आहे. मग एकाने सेल मारावा आणि दुसऱ्याने बॅटरीच्या टोकांवर मीटर धरून ठेवावा. आकडा दहाच्या आसपास राहिला तर उत्तम, साडेनऊच्या खाली गेला तर पुढची तपासणी थांबवून कारण शोधावे. आकडा ठीक असूनही इंजिन मंद फिरत असेल, तर येथे मुंबईच्या हवेचा भाग येतो. बॉक्स्टरमध्ये बॅटरी पुढे आणि इंजिन आसनांच्या मागे असल्याने स्टार्टरची जाड केबल जवळपास संपूर्ण गाडीभर जाते, आणि या पिढीच्या गाड्यांत स्टार्टर व आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) यांच्याकडच्या केबलची टोके आतून गंजणे हा माहीत असलेला दोष आहे. खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवा कळंक चढतो. बाहेरून नट घट्ट दिसतो आणि आत रोध वाढलेला असतो. तो अर्थिंगच्या बाजूला असेल, तर शोधण्याची रीत सोपी आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी काढून, घासून, पुन्हा बसवावी.

समजा, आता इंजिन झपझप फिरते आणि तरीही चालू होत नाही. येथून पेट्रोलकडे वळावे, आणि पंप बदलण्याआधी टाकीत काय आहे ते पाहावे. आपल्याकडे पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. टाकी अर्धी रिकामी असेल, तर तिच्यात हवाही भरपूर असते आणि मुंबईचे दोन पावसाळे म्हणजे ओलावाही भरपूर. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, जेथून पंप ओढतो नेमके तेथेच. पेट्रोलमधील हलके, चटकन पेटणारे घटकही दरम्यान उडून जातात आणि उरलेल्यात चिकट राळ तयार होते.

याची परीक्षा डोळ्यांनी आणि नाकाने होते. पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडा नमुना काढावा आणि अर्धा तास स्थिर ठेवावा. चांगले पेट्रोल स्वच्छ असते आणि त्याचा वास नाकात झिणझिणतो. जुने झालेले पेट्रोल चहाच्या रंगाकडे झुकते, त्याला व्हार्निशसारखा जड आणि आंबूस वास येतो, आणि पाणी सुटले असेल तर बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसतो. थर दिसला किंवा वास बदललेला असला, तर त्यात नवे पेट्रोल मिसळून काम भागवण्याचा मोह टाळावा आणि संपूर्ण टाकी रिकामी करून घ्यावी. या गाडीची टाकी ६४ लिटरची आहे, तेव्हा किती इंधन निघू शकते याचा अंदाज आधीच घ्यावा. हे काम स्टिल्टमध्ये मात्र करू नये. आपल्या बहुतेक इमारतींमध्ये मीटर रूम त्याच मजल्यावर असते, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते, आणि मीटर रूममधल्या एखाद्या स्विचची ठिणगीही पुरते. गाडी उघड्यावर ढकलून किंवा गॅरेजमध्ये नेऊन, अग्निशामक जवळ ठेवून, धातूच्या डब्यांत पेट्रोल काढावे. ते गटारात ओतू नये, हे वेगळे सांगायला नको.

ताजे पेट्रोल भरल्यावर पंपाची पाळी येते. चावी इग्निशनपर्यंत फिरवली की एखाद-दोन सेकंद घुर्र असा बारीक आवाज पुढच्या बाजूने यायला हवा. आला नाही, तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) तपासावा. रिले तपासण्यासाठी त्याच क्रमांकाचा शेजारचा रिले अदलाबदल करून पाहता येतो, त्यात खर्च शून्य. त्यानंतर पंपाच्या जोडणीवर व्होल्टेज पोहोचते का ते पाहावे. पोहोचत असूनही पंप गप्प असेल तरच पंप दोषी ठरतो. राळेने अडकलेला पंप काही वेळा हलक्या ठोक्याने सुटतो, पण तो फार दिवस साथ देत नाही. पंपाचा आवाज येत असेल, तर दाब गेज लावून मोजून घ्यावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पंप मिळतात, मात्र पेट्रोलमध्ये बुडून काम करणारी ही वस्तू मी वापरलेली घेणार नाही. एअर इनटेकमध्ये पेट्रोल ओतून गाडी 'उठवण्याचा' जो प्रकार रस्त्यावर चालतो, तो कोणालाही करू देऊ नये.

पेट्रोल आणि दाब ठीक असेल, तर सेल मारताना आरपीएमचा काटा पाहावा. तो किंचितही हलत नसेल, तर क्रँकशाफ्टचा सेन्सर किंवा त्याची वायर संशयास्पद आहे. इंजिन फिरत आहे हे संगणकाला कळतच नसल्याने तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. स्कॅनरवर सेल मारताना साधारण दोनशे आरपीएम दिसले, तर सेन्सर जिवंत आहे. मुंबईत या ठिकाणी सेन्सरपेक्षा उंदीर अधिक वेळा दोषी निघतात. दादरच्या एका परिचितांच्या उभ्या गाडीत फॉल्ट कोड सेन्सरचा येत होता, नवा सेन्सर मागवण्याची तयारीही झाली होती, आणि प्रत्यक्षात वायर दोन ठिकाणी कुरतडलेली सापडली. एअर फिल्टरच्या डब्यात गोणपाटाचे धागे आणि पावाचे तुकडे यांचे व्यवस्थित घरटे होते. बॉक्स्टरमध्ये इंजिन सहज दिसत नाही. छताखालचे गालिच्याचे आवरण आणि आसनांमागचे पॅनेल काढल्याशिवाय वरचा व पुढचा भाग पाहता येत नाही, त्यामुळे हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. आपण ते आग्रहाने करून घ्यावे. त्याच वेळी आसनांखालचा गालिचा ओला आहे का हेही हाताने चाचपून पाहावे, कारण कापडी छताच्या पाण्याच्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी गाडीच्या तळाशी साचते आणि तेथील वायरिंग सडवते.

'कॉम्प्युटर' या सगळ्यानंतर येतो. तो मुळातच क्वचित बिघडतो, आणि बदलला तर इमोबिलायझर व चाव्या यांच्याशी पुन्हा जुळवावा लागतो. त्यामुळे पोर्शेसाठीच्या विशिष्ट स्कॅनरने तपासणी झाल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नये. चावीतील सेल संपल्यामुळे इमोबिलायझर अडतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. चावीतील इमोबिलायझरच्या चिपला सेल लागत नाही, सेल केवळ रिमोटसाठी असतो.

एक खबरदारी राहिली. तोपर्यंत सेल मारत राहू नये. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक नको, आणि दोन प्रयत्नांमध्ये स्टार्टर थंड व्हायला पुरेसा वेळ द्यावा. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील ऑईल धुऊन टाकते आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाते. तो कन्व्हर्टर पंपापेक्षा कितीतरी महाग आहे. दोन वर्षे न फिरलेल्या इंजिनासाठी मी तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडून, इंजिन पान्याने हाताने फिरवून घेईन, मगच सेल मारीन. या इंजिनात प्लग दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि खालून काढावे लागतात, म्हणून गाडी लिफ्टवर घ्यावी लागेल. गॅरेजला नेताना फ्लॅटबेडच (संपूर्ण गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवावा, आणि त्याआधी हँडब्रेक सुटतो का ते पाहावे. तो गंजून चिकटला असेल, तर जोर लावून ओढण्याऐवजी मागची चाके काढून सोडवावा.

आणि कागदपत्रे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २००८ च्या गाडीची मुदत २०२३ मध्येच संपली असणार. नूतनीकरण झाले नसेल, तर आरटीओतील तपासणी, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी हे सर्व उरकल्याशिवाय गाडी चालू झाली तरी रस्त्यावर आणता येणार नाही. नव्या बॅटरीवर सेल मारतानाचे व्होल्टेज, पेट्रोलच्या नमुन्याचे वर्णन आणि आरपीएमचा काटा हलतो की नाही, एवढे आपण कळवले, तर पुढे काय तपासावे हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.