एकाच संख्येपासून सुरुवात करा

संख्यांचे प्रकार ओळखण्याचा छंद लावून घ्यायचा असेल, तर एकदम दहा संख्यांच्या मागे लागू नका. रोजच्या व्यवहारातली एकच संख्या घ्या आणि तिचे मूळ अवयव पाडा, म्हणजे ती मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडा, कारण पुढची बहुतेक वर्गवारी त्यांच्यावरच उभी राहते. उदाहरणार्थ, सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० घ्या. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो आणि ४५६७० उरतात. १० ने भागल्यावर ४५६७. पत्त्यात असे ओळीने मांडलेले अंक दडले असतील, असे मलाही वाटले नव्हते!

आता ४५६७ मूळ आहे का? नवशिके येथेच थकतात, कारण ते दिसेल त्या संख्येने भागत सुटतात. ६८ चा वर्ग ४६२४, म्हणजे ४५६७ पेक्षा मोठा, म्हणून ६७ पर्यंतच्या १९ मूळ संख्या तपासल्या की पुरे. एकीनेही भाग जात नाही, अर्थात ४५६७ मूळ आहे. मग ४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७, आणि घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला की एकूण विभाजक मिळतात २४.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या असतात:
- १ ला मूळ मानणे. ती मूळही नाही, संयुक्तही नाही.
- ९१ ला नुसते पाहून मूळ म्हणणे. ती ७ × १३ आहे.

आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला फर्ग्युसनचे विद्यार्थी असलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. वरचा पिनकोड हर्षद आहे. तुमचा आहे का, ते आजच वहीत तपासा. विपुल, न्यून वगैरे विभाजकांच्या बेरजेवरून ठरणारे प्रकार महिनाभर बाजूला ठेवलेले बरे.